यंत्रांचा दुभाष्या

निलंग्याहून औराद शहाजानीच्या वाटेनें पुढें गेलें कीं कर्नाटकाची हद्द जवळ येते. त्या बाजूच्या आठवडी बाजारांत एकाच ढिगाचा भाव मराठींत विचारला जातो, कानडींत सांगितला जातो, आणि घासाघीस संपेपर्यंत दखनी उर्दूचे दोनचार शब्द त्यांत सहज मिसळतात. कोणाला त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु बाजारांतील बोलणें आणि कचेरींतील बोलणें यांत मोठें अंतर आहे. बाजारांत ऐकण्यांत चूक झाली तर पायलीभर धान्याचा तोटा होतो. कचेरींत चूक झाली तर शेत जातें.

हें अंतर या मुलुखानें पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलें आहे. १९४८ पर्यंत निलंगा हैदराबादच्या निजामी राज्यांत होता. १८८४ च्या सुमारास त्या राज्याच्या कारभारांतून फारसी गेली आणि तिच्या जागीं उर्दू आली. शेतांत मराठी किंवा कानडी बोलणाऱ्या रयतेला मात्र दप्तरांतील कागद पूर्वीसारखाच अनोळखी राहिला. निलंगा तालुका तेव्हां बीदर जिल्ह्यांत मोडत असे. १९५६ सालीं तो उस्मानाबाद जिल्ह्यांत आला आणि १९८२ सालीं नव्या लातूर जिल्ह्यांत गेला. जिल्हे बदलले, कारभाराची भाषा बदलली, पण जुना कागद ज्या भाषेंत लिहिला गेला त्याच भाषेंत पडून राहिला. २०२३ सालीं मराठवाड्यांतील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्याचें काम निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीकडे आलें, तेव्हां पंचाहत्तर वर्षांनंतरहि उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज भासली.

दप्तर आणि रयत यांच्यामध्यें उभा राहून एकाचें बोलणें दुसऱ्यास कळविणारा मनुष्य म्हणजे दुभाष्या. चांगल्या दुभाष्याचीं लक्षणें निरक्षर शेतकरीहि सांगूं शकेल. त्यानें पदरचें कांहीं घालूं नये व ऐकलेलें कांहीं गाळूं नये. दोन्हीकडच्या रीतिभाती त्याला ठाऊक असाव्यात. नकार मिळाला तर तो नकार म्हणूनच सांगावा. वाईट बातमी गिळून टाकूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, त्याच्या सोयीसाठीं रयतेला स्वतःची भाषा सोडावी लागूं नये. संगणकाच्या जगांत ‘लँग्वेज बाइंडिंग’ या नांवानें ओळखली जाणारी जी वस्तु आहे, तिला हींच चार लक्षणें लागूं पडतात. ही वस्तु कोठें लागते, ती कशी घडते, आणि निलंग्यासारख्या गांवाचा तिच्याशीं संबंध काय, हें पाहण्यासारखें आहे.

संगणकावरील सॉफ्टवेअर एकसंध कधींच नसतें. पत्र लिहिण्याच्या साध्या सॉफ्टवेअरला अक्षरांचीं वळणें एकाकडून घ्यावीं लागतात, शुद्धलेखन तपासणारें दुसरेंच असतें, आणि प्रिंटरशीं बोलणारें तिसरें. यांतील प्रत्येकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघतात, आणि कोणत्या आवृत्तीचें कोणत्या आवृत्तीशीं पटतें याचेहि नियम असतात. या सर्वांची नोंदवही ठेवणारा, नवें आणणारा, जुनें काढणारा आणि एकाची दुसऱ्यास अडचण होऊं न देणारा जो कोठीचा कारभारी, तोच पॅकेज मॅनेजर. लिनक्स परंपरेंतील डेबियन ही प्रणाली इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केली. तिचा ‘ॲप्ट’ हा कारभारी १९९९ सालच्या २.१ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हातीं आला. २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तींत त्याच्या कोठींत ६४,००० हून अधिक पॅकेजें होतीं. भारतीय भाषांची सोय डोळ्यांपुढें ठेवून सी-डॅक या सरकारी संस्थेनें घडविलेली ‘बॉस’ ही प्रणालीहि डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणजे एखाद्या शाळेंतील संगणकावर बॉस असली, तर पडद्यामागें कोठी सांभाळणारा कारभारी ॲप्टच असतो.

या कारभाऱ्याची घडण सी प्लस प्लस नांवाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेंत झाली आहे. त्याची खिडकी, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांनीं काम सांगण्याची ठरलेली जागा, तीच भाषा ओळखते. परंतु त्याच्याकडून काम करून घेऊं इच्छिणारे पुष्कळसे प्रोग्राम निराळ्या भाषांत लिहिले जातात. उबुंटु प्रणालींत २००९ सालीं आलेलें, चित्रांवर बोट ठेवून सॉफ्टवेअर निवडण्याचें दालन पायथन भाषेंत लिहिलेलें होतें. मनुष्य हजर नसतां सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसविणारा ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा प्रोग्रामहि पायथनमध्येंच आहे. पायथनच्या प्रोग्रामानें सी प्लस प्लसच्या कारभाऱ्याशीं बोलावें कसें, हा येथें प्रश्न पडतो. त्याला तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दिसण्यांत सर्वांत सोपा. मनुष्य जशी आज्ञा लिहितो तशीच प्रोग्रामानेंहि लिहावी, आणि कारभाऱ्यानें पडद्यावर उमटविलेलें उत्तर वाचून काय झालें तें ताडावें. असे प्रोग्राम जगांत असंख्य आहेत आणि त्यांतले कित्येक वर्षानुवर्षें चालतातहि. परंतु पडद्यावरील उत्तर माणसासाठीं लिहिलेलें असतें. त्याची शब्दरचना पुढच्या आवृत्तींत बदलूं शकते. ‘ॲप्ट’ ही आज्ञा दुसऱ्या प्रोग्रामानें चालविली तर आपल्या उत्तराच्या ठेवणीवर विसंबूं नये असा इशारा ती स्वतःच देते. आणि त्याहून मोठी अडचण अशी कीं तें उत्तर वाचणाराच्या भाषेप्रमाणें बदलतें. ॲप्टचे संदेश ज्या भाषांत अनुवादित झाले आहेत त्यांत मराठीहि आहे. ज्या संदेशाचा अनुवाद झालेला नाहीं तो इंग्रजींत उमटतो. तेव्हां निलंग्याच्या एखाद्या शिक्षकानें आपल्या संगणकाची भाषा मराठी ठेवली, तर इंग्रजी शब्दांवर डोळा ठेवून बसलेला प्रोग्राम तेथें गोंधळतो. काम झालें असतां न झाल्यासारखें त्याला वाटतें. क्वचित्‌ त्याच्या उलटहि होतें.

यावर प्रोग्रामर एक तोड काढतात. तेवढ्या वेळापुरती मराठी बंद करून ते कारभाऱ्याला इंग्रजीच बोलावयास लावतात. प्रोग्रामाचें काम भागतें; पण कांहीं बिघडलें आणि तो बिघाड शिक्षकाला दाखविण्याची वेळ आली, तर त्याच्यापुढें इंग्रजी वाक्य येऊन पडतें. भाषांतरकारानें श्रमानें लिहिलेलें मराठी वाक्य कारभाऱ्याजवळ असूनहि तें वाटेंतच अडतें. दुभाष्याच्या सोयीसाठीं रयतेनें भाषा सोडावी, हाच तो जुना अन्याय नव्या वेषांत उभा राहतो. यांत कोणाचा दुष्टावा नसतो. माणसांसाठीं लिहिलेल्या वाक्यांवर यंत्रांचा व्यवहार उभारला, एवढाच काय तो दोष.

दुसरा मार्ग असा कीं कारभाऱ्याचें सर्व ज्ञान नव्या भाषेंत पुन्हां लिहून काढावें. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचें उदाहरण येथें आठवण्याजोगें आहे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या त्या विद्यापीठांत उर्दूंतून उच्च शिक्षण द्यावयाचें होतें. म्हणून आदल्याच वर्षीं भाषांतरासाठीं स्वतंत्र खातें उघडून शास्त्रांचे ग्रंथ उर्दूंत आणण्याचें काम सुरू झालें. ग्रंथांच्या बाबतींत तें योग्यच होतें, कारण ग्रंथ एकदां लिहिला कीं स्थिर राहतो. कोठीच्या कारभाऱ्याचे नियम मात्र जिवंत असतात, आणि दिसतात त्याहून बारीक असतात.

आवृत्तींच्या क्रमांकाचेंच पाहावें. १.९ आणि १.१० यांत नवी कोणती? दशांश अपूर्णांक शिकलेलें मूल १.९ म्हणेल, कारभारी १.१० म्हणतो, कारण टिंबाच्या पुढचा आंकडा तो दहा असा वाचतो. क्रमांकामागें लाटेसारखें एक चिन्ह लावून पुढें कांहीं लिहिलें असेल, तर ती आवृत्ति मूळ क्रमांकाच्याहि आधींची समजली जाते. कच्च्या मसुद्यांसाठीं ती युक्ति आहे. उलट, आरंभीं एखादा आंकडा आणि विसर्गासारखीं दोन टिंबें असलीं, तर पुढचें सारें बाजूस ठेवून त्या आंकड्यावरच श्रेष्ठता ठरते. हे नियम दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें लिहिले कीं आज ना उद्यां त्यांत फरक पडतो. मग जुनी, सदोष आवृत्तिच नवी समजून संगणक निर्धास्त राहतो, आणि सुरक्षेची दुरुस्ती दाराशीं येऊन परत जाते. एका गांवाला दोन तलाठी नेमून दोघांनीं आपापल्या वह्या ठेवाव्यात, तसें हें आहे.

राहिला तिसरा मार्ग, दुभाष्याचा. नियम एकाच ठिकाणीं राहतात, नोंदवही एकच राहते, आणि दारांत एक लहानसा प्रोग्राम उभा केला जातो. तो पायथनचें म्हणणें ऐकतो, कारभाऱ्याला त्याच्या भाषेंत सांगतो, आणि मिळालेलें उत्तर पायथनच्या रीतीनें परत देतो. ॲप्टसाठीं असा जो दुभाष्या आहे त्याचें नांव ‘पायथन-ॲप्ट’. वर सांगितलेला आपोआप दुरुस्त्या बसविणारा प्रोग्राम त्याच्याच मार्फत बोलतो.

या दुभाष्याचें काम शब्दाला शब्द ठेवण्याचें नाहीं. दोन घरांच्या चालीरीति जुळविण्याचें आहे. शेजारणीकडून भांडें उसनें आणलें तर तें केव्हां परत करावयाचें याची प्रत्येक घराची समजूत निराळी असते. सी प्लस प्लसच्या घरीं संगणकाच्या स्मृतींतील जागा घेतली तर ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, हें प्रोग्रामर ठरवून ठेवतो. पायथनच्या घरीं, वस्तूला विचारणारें कोणी उरलें नाहीं कीं ती जागा आपोआप मोकळी होते. आतां कोठीच्या यादींतील एक नोंद पायथनच्या प्रोग्रामाजवळ आहे आणि यादी मात्र कोणी वापरीत नाहींसें वाटून मिटविली गेली, तर हातांतली नोंद पोकळ ठरते आणि तिला स्पर्श होतांच सारा प्रोग्राम कोसळतो. म्हणून पायथन-ॲप्टमध्यें अशा वस्तूबरोबर तिच्या मालकाचीहि आठवण ठेवलेली असते: नोंद हातांत असेपर्यंत यादी मिटावयाची नाहीं. वरवर पाहणाराच्या ध्यानांतहि न येणारी ही खबरदारी घेण्यांतच दुभाष्या घडविणाराचे बहुतेक श्रम खर्ची पडतात.

चुका सांगण्याच्या रीतीहि अशाच भिन्न. ॲप्टला अडचण आली तर तो एका तक्रारवहींत ती लिहून ठेवतो. वही उघडून पाहणें हें विचारणाराचें काम. पायथनच्या घरीं अडचण आली कीं लागलीच हांक मारण्याचा प्रघात आहे, आणि हांक कोणी ऐकली नाहीं तर काम तेथेंच थांबतें. दुभाष्याला कामाच्या शेवटीं वही चाळून, आंत तक्रार असल्यास हांक मारावी लागते. तें तो विसरला, तर पायथनचा प्रोग्राम सर्व ठीक आहे असें समजून पुढें जातो. वाईट बातमी गिळणारा दुभाष्या तो हाच. आणि ही हांक दुपदरी असते. तिला एक जात असते: कोठीचें कुलूप दुसऱ्याच्या हातीं असल्यामुळें काम अडलें, माल आणतां आला नाहीं, इत्यादि. आणि तिच्याबरोबर एक वाक्य असतें. जात यंत्रासाठीं, वाक्य माणसासाठीं. प्रोग्रामानें जात पाहून निर्णय घ्यावा आणि वाक्य जसेंच्या तसें पडद्यावर ठेवावें. मग तें वाक्य मराठींत असो कीं कानडींत, प्रोग्रामाला फरक पडत नाहीं. पहिल्या मार्गांत हरवलेलें मराठी वाक्य या मार्गानें शिक्षकापर्यंत पोंचूं शकतें.

अक्षरांची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे, कारण आपल्या लिपीचा प्रश्न तींत गुंतला आहे. ‘निलंगा’ या शब्दांत वाचणाराला तीन अक्षरें दिसतात. युनिकोड या जागतिक संकेताच्या हिशेबानें त्यांत सहा चिन्हें आहेत: तीन व्यंजनें, एक वेलांटी, एक अनुस्वार व एक काना. आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीनें साठविलें तर प्रत्येक चिन्हाला तीन, असे अठरा बाइट लागतात. इंग्रजींत हे आंकडे बहुधा सारखेच पडतात. म्हणून इंग्रजीपुरतें पाहणाऱ्या प्रोग्रामराला बाइट म्हणजेच अक्षर वाटूं लागतें. अशा समजुतीनें घडविलेल्या दुभाष्यानें पहिले दहा बाइट तोडून दिले, तर निलंग्याचें नांव मधल्या चिन्हावरच फुटतें.

१९९५ सालीं रेड हॅट प्रणालीबरोबर आलेल्या ‘आरपीएम’ या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरच्या बाबतींत हा प्रश्न बरींच वर्षें राहिला. पायथनची तिसरी पिढी बाइट आणि मजकूर यांत काटेकोर भेद करते; आरपीएमचा दुभाष्या मात्र तिच्या हातीं मजकुराऐवजीं बाइटच देत असे आणि ते जुळविण्याचें काम प्रत्येक प्रोग्रामरावर पडे. २०१९ सालच्या ४.१५ या आवृत्तीपासून तो मजकूर म्हणूनच मजकूर देऊं लागला. जुन्या पॅकेजांतील एखादा बाइट वाचतां आला नाहीं तर तो फेकून न देतां खूण करून जपण्याची सोयहि त्यानें ठेवली. कळलें नाहीं तें गाळावयाचें नाहीं, हा दुभाष्याचा पहिलाच धर्म.

प्रत्येक भाषेसाठीं असा दुभाष्या हातानें घडविणें फार कष्टाचें आहे. यावर अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत काम करीत असतां डेव्हिड बीझली यांनीं १९९५ सालीं ‘स्विग’ नांवाचें साधन लिहावयास घेतलें. खिडकीचें वर्णन एकदां लिहून द्यावें. त्यावरून निरनिराळ्या भाषांचे दुभाष्ये हें साधन आपोआप तयार करतें. २०२४ सालच्या फेडोरा ४१ मध्यें मुख्य कारभारी म्हणून आलेला ‘डीएनएफ ५’ याच साधनाच्या आधारें पायथन, पर्ल आणि रुबी या तीन भाषांशीं बोलतो. पायथन-ॲप्ट मात्र हातानेंच लिहिलेला आहे. दोहोंचे गुणदोष उघड आहेत. यंत्रानें घडविलेला दुभाष्या लौकर तयार होतो, पण त्याच्या बोलण्याला मूळ भाषेचा वास येतो. हातानें घडविलेला घरच्यासारखा बोलतो, पण त्याचें संगोपन कोणाला तरी सतत करावें लागतें.

आणि संगोपन सुटलें कीं काय होतें, याचा अनुभव पुष्कळांनीं घेतला आहे. दुभाष्या पायथनच्या एका ठराविक आवृत्तीशीं जुळवून बांधलेला असतो. एखादा उत्साही विद्यार्थी संगणकांतील मूळ पायथन बाजूस सारून तेथें नवा बसवितो. त्याचे प्रोग्राम चालतात, पण दुसऱ्या दिवशीं ॲप्टचा दुभाष्या सांपडत नाहीं अशी तक्रार उमटूं लागते. कारभारी तोच, कोठी तीच. मधला मनुष्य तेवढा हरवला. अशा वेळीं नवा पायथन स्वतंत्र जागीं ठेवून मूळचा जागच्या जागीं राहूं द्यावा, हा शहाणपणाचा मार्ग.

घरांत संगणक वापरणाऱ्या मंडळींना हा सारा विषय कारागिरांच्या खोलींतला वाटण्याचा संभव आहे. मराठींत संदेश हवेत ही मागणी कांहीं नवी नाहीं, आणि भाषांतरकारांनीं ती आपल्यापरी पुरविलीहि आहे. पण भाषांतर हें अर्धेंच काम. यंत्रें आपसांत माणसांच्या वाक्यांवर विसंबून बोलूं लागलीं, कीं तीं वाक्यें बदलण्याची माणसांना चोरी होते आणि सर्वांना एकाच भाषेंत कोंडून ठेवणें यंत्रांच्या सोयीचें ठरतें. यंत्रांचा व्यवहार यंत्रांच्या ठरलेल्या खिडकीतून, प्रामाणिक दुभाष्याच्या मार्फत झाला, तरच माणसाची भाषा मोकळी राहते.

हे दुभाष्ये घडविण्याचें काम उघड्यावर चालतें. डेबियन, फेडोरा यांचें सारें लिखाण कोणालाहि वाचतां येतें, दोष कळवितां येतात, दुरुस्ती पाठवितां येते; त्यासाठीं निलंग्याच्या मुलामुलींना मुंबई-पुण्याची वाट धरावी लागत नाहीं. आणि एका बाबतींत त्यांचा हक्क इतरांहून अधिक आहे. इंग्रजीपुरता चालणारा दुभाष्या मराठींत कोठें अडखळतो, हें मराठी वापरणाऱ्यालाच प्रथम दिसतें. आपल्या संगणकाची भाषा मराठी ठेवून एखादें पॅकेज बसवून पाहावें, मराठी वाक्य कोठें हरवतें तें टिपावें आणि संबंधितांस कळवावें; एवढ्यानेंहि कामास हातभार लागतो. ज्या मुलुखांतील आजोबांनीं आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, त्या मुलुखांतील नातवाला या कामाचें मोल निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.